टॅब परत मिळणार नाहीत

मेहरूण, जळगाव
१८ नोव्हेंबर २०२५

गिरधर,

नमस्कार घेणे. त्याच्या आधी 'सप्रेम' लिहायचा रिवाज आहे, पण तो शब्द आपल्यात सात वर्षं वापरलाच गेला नाही. गंज किती चढलाय ते बघतो, मग लिहीन.

काल तुझा जितेंद्र माझ्या दुकानावर येऊन गेला. गाडीचा एसी चालू ठेवून ड्रायव्हरला बाहेर बसवलं आणि मला म्हणाला, "नूर महंमद शेठ, जरा बोलायचं होतं." मी म्हटलं, "जितू, बोदवडच्या बाजारात माझ्या खांद्यावर बसून फिरायचास तेव्हा मी काका होतो. शेठ कधी झालो?" लाजला. म्हणजे पोरगा अजून चांगला आहे. चहा घेतला, बिस्किटाला हात लावला नाही, आणि मुद्द्यावर आला. उन्हाळ्यात तुमच्या संस्थेनं मला जे भंगार विकलं, त्यातले टॅब परत हवेत.

तू मला फोन केला नाहीस, मुलाला पाठवलंस. म्हणून मीही फोन न करता पत्र लिहितोय. पत्र मध्येच कापता येत नाही.

उत्तर: नाही.

आता पुढचं वाच. मे महिन्यात तुमच्या धुळ्याच्या शाळेच्या मागच्या खोलीतून मी मोडके बाक उचलले, पंखे उचलले आणि पत्र्याची दोन कपाटं. एका कपाटात हे टॅब, वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत. तुमचा शिपाई म्हणाला, "बंद पडेल शेतस, बठ्ठं लई जा." जितेंद्र स्वतः उभा होता, बंद पडलेलं सगळंच न्या म्हणून त्यानंच मान हलवली. बाकांबरोबर तेही काट्यावर चढले, किलोनं गेले. आमच्या धंद्यात माल काट्यावरून उतरला की त्याच्याबद्दलचं बोलणं संपतं. मी एकदा तांब्याच्या भावात पितळ घेऊन बसलो होतो, तेव्हा मी गेलो का कोणाकडे रडत?

गोदामात आल्यावर प्रेमराजनं, माझा हमाल, तुमच्याच बाजूचा, एक टॅब उलटा धरला आणि चार्जिंगच्या भोकात काडी घातली. काडी लाल झाली. म्हणाला, "शेठ, आठे बठ्ठं कुकू शे!"

दुसरा बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांत कुंकू. एकात तर तांदळाचा दाणा अडकलेला. मी खुर्ची ओढून बसलो आणि विचार केला, हे झालं कसं असेल. मग डोळ्यांपुढे आलं. टॅब आले त्या वर्षी तुम्ही खंडेनवमीला ते हॉलमध्ये ओळीनं मांडले असतील. पाणी शिंपडलं, ओलं कुंकू कालवलं. पाठ खाली, काच वर. काचेला डाग नको म्हणून कोणीतरी शहाण्यानं कडेला बोट टेकवलं. कडेला नेमकं भोक. मग त्याच्या मागच्यानं त्याचं बघून तिथंच टेकवलं. दुसऱ्या दिवशी एकही चार्ज होईना.

मी हसलो नाही, गिरधर. माझ्या वजनकाट्यालाही प्रेमराज दरवर्षी दसऱ्याला हळदकुंकू लावतो, झेंडूचा हार घालतो, नारळ मी आणून देतो. फरक एवढाच की माझा काटा दुसऱ्या दिवशी नाही चालला तर मी उघडून बघतो. तुम्ही कपाट बंद केलंत. देणगी देणाऱ्या कंपनीला कळवायची लाज वाटली, आणि मास्तरांना आधीच सांगून ठेवलं होतं की टॅब फुटला तर पगारातून कापू. मग कोण हात लावणार? पोरांनी ते टॅब फक्त पूजेत पाहिले.

जुना दात घासायचा ब्रश, थोडं स्पिरिट आणि टाचणी, एवढ्यावर बहुतेक सगळे उठून बसले. काहींच्या काचा तडकल्या होत्या, पण आवाज स्वच्छ.

ते आता माझ्या गोदामाच्या माडीवर आहेत. आमच्या गल्लीतल्या काही मुली रोज दुपारी तिथं येतात. नववीत, दहावीत शाळा सुटलेल्या. सगळ्यांत पुढे रूही. तिची आई आबेदा घरी प्लास्टिकच्या चटयांचं काम घेते, कडेचे दोरे कापायचे, घड्या घालून गठ्ठे बांधायचे. बाप सुरतला कामाला गेला, तेव्हा आईला आणखी दोन हात हवे झाले आणि रूही घरी बसली. आता तिनं सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बाहेरून दहावीला बसायचा. फेब्रुवारीत परीक्षा. या मुलींना ना वर्ग, ना क्लास, ना मास्तर. जे आहे ते त्या टॅबमध्ये.

म्हणून नाही. फेब्रुवारीनंतर विचारलंस तरी नाहीच म्हणेन, पण तेव्हा जरा सावकाश म्हणेन.

तुझा
नूर महंमद

ता. क. जितेंद्रच्या लग्नाचा मांडव फार देखणा होता असं तेव्हा ऐकलं होतं. मांडववाल्यानं लोखंडी पाइप माझ्याकडूनच नेले होते, त्यानंच सांगितलं. मला त्याचं काही नाही.

•

मेहरूण
२७ नोव्हेंबर

गिरधर,

तुझं उत्तर मिळालं. लेटरहेडवर. वर सरस्वती, खाली तू, मध्ये "महोदय". आपण एका बाकावर बसून एकमेकांच्या डब्यातली कळण्याची भाकरी पळवली, आणि आता मी महोदय. आबेदाला दाखवलं, तर ती घाबरून म्हणाली, "चाचा, ये कोर्ट का कागज है क्या?"

"सदर साहित्य अनवधानाने निर्लेखित झाले असून ते संस्थेची मालमत्ता आहे." हे वाक्य तू स्वतः लिहिलंस की जितेंद्रनं? सातवीनंतर मी शाळा सोडली तरी मराठी मी रद्दीतून शिकलो आहे. गठ्ठे सोडायचे, वाचायचे, मग तोलायचे. म्हणून अनवधान म्हणजे काय ते मला कळतं. दोन वर्षं कपाट न उघडणं याला अनवधान म्हणत नाहीत.

तुझ्या पत्रामुळे खरं कारणही कळलं. बारा डिसेंबरला देणगीदार कंपनीच्या बाई टॅब बघायला येणार. टॅब दिसले तर नवी प्रयोगशाळा मंजूर. नाही दिसले तर नाही, वर विचारणा. अडचण खरी आहे तुझी. मी नाही म्हणत नाही.

आणि तू लिहिलंस, "किमान आठ दिवसांकरिता द्यावेत, तपासणीनंतर परत करण्याचा विचार करता येईल." गिरधर, मी आयुष्यभर भाव करत आलो. "परत करू" आणि "परत करण्याचा विचार करता येईल" यातलं अंतर मला झोपेतही ऐकू येतं. तुम्ही ते टॅब आधी कोणाकडून तरी साफ करून घेणार, आतलं सगळं पुसून, नव्यासारखे. मग ओळीनं मांडणार. बाई गेल्या की कपाट. तेव्हा आत काय आहे ते तरी ऐक, म्हणजे काय पुसायला निघालास ते कळेल.

कंपनीनं भरलेले धडे आधीपासून होते. रंगीत, गाण्यासकट. त्यातली मुलगी सारखी हसत बोलते आणि बीजगणित कधी संपलं ते कळत नाही. रूही पहिल्या दिवशीच म्हणाली, "चाचा, हिला कोणी प्रश्न विचारला तरी ही हसणारच." शिवाय पडद्याकडे बघायला यांच्याकडे डोळे रिकामे कुठे? हात कात्रीवर, डोळे दोऱ्यावर. कान तेवढे मोकळे.

मग एका बाईंनी यांच्यासाठी धडे सांगितले. नुसता आवाज. त्या फोनवर बोलतात, मला पाठवतात, मी टॅबमध्ये भरतो. त्यांची पद्धत अशी: एक पायरी सांगायची आणि म्हणायचं, "आता मी गप्प बसते. तू कर." आणि त्या खरंच गप्प बसतात. रेकॉर्डिंग चालूच राहतं. मुली कात्री खाली ठेवतात, पाटीवर उदाहरण सोडवतात. बराच वेळ जातो. मग आवाज येतो, "झालं? नसेल झालं तर मागे जा, मला घाई नाही." मला घाई नाही! माझ्या उभ्या जन्मात कुठल्या मास्तरानं मला असं म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी काट्यावर चुकीचं वजन वाचलं.

दर शनिवारी मुली आपली उत्तरं बोलून पाठवतात. बाई प्रत्येकीला नाव घेऊन चूक सांगतात. "रूही, तू कोन बरोबर मोजलास, पण उत्तर सांगताना घाबरलीस." आवाजावरून घाबरलेली कळते त्यांना. हे सगळं टॅबमध्ये आहे. परीक्षा जवळ आली की मुली तेच पुन्हा ऐकणार. ते पुसलं तर मी कुठून आणू?

आबेदा पोलिसांना भिते. काल म्हणाली, "चाचा, दे दो ना वापस. गरिबानं कशाला अंगावर घ्यायचं?" रूहीनं कात्री न थांबवता विचारलं, "अम्मी, मग मी फेब्रुवारीत काय लिहू? चटई?" आबेदा माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, ही भाषा टॅबनं शिकवली." आबेदाचं म्हणणं सरळ आहे. परीक्षेला बसली तर बसू दे. नाही बसली तर मार्चपासून रूही चटईच्या कारखान्यात, पूर्ण पाळी. मी तिला दोष देत नाही. तीन भावंडं आहेत खाली.

तर तुझ्या प्रयोगशाळेच्या पारड्यात तू जे टाकशील ते टाक. माझ्या पारड्यात एवढंच आहे, आणि ते जड आहे.

वकिलाची नोटीस पाठवायची असेल तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरी बायको उघडते आणि मग मला आधी तिला उत्तर द्यावं लागतं.

नूर महंमद

•

मेहरूण
५ डिसेंबर

गिरधर,

जितेंद्रनं तुला काय सांगितलं मला ठाऊक नाही. काहीच सांगितलं नसेल असं वाटतं. म्हणून मी सांगतो.

काल दुपारी तो पिकअप घेऊन आला. बरोबर दोन शिपाई आणि रिकाम्या गोण्या. मी काट्याजवळ होतो. माझ्याकडे न बघता जिन्याकडे निघाला. मी म्हटलं, "जितू, बूट काढून जा. वर शाळा आहे." बूट नाडीचे होते. वाकून दोन्ही नाड्या सोडेपर्यंत त्याचा अर्धा राग उतरला. उरलेला घेऊन तो वर चढला, मागे मी.

मुली भिंतीला टेकून बसलेल्या. मध्ये चटयांचा ढीग. प्रत्येकीच्या मांडीजवळ टॅब. जितेंद्र म्हणाला, "ताई, हे सगळे टॅब इथं आणून ठेवा." एकही हलली नाही. रूहीनं बोट ओठांवर ठेवलं.

"भैया, प्रमेय चाललंय. झालं की बोला."

"कसलं प्रमेय? इथं तर कोणी बोलतच नाही!"

"बाईंनी वेळ दिलाय. तुम्ही पण गप्प बसा."

एवढ्या ठसक्यात म्हणाली की तुझा मुलगा गप्प बसला. शिपाईही बसले. माडीवर नुसता पेनशिलींचा आवाज. आणि टॅबमधून, खरं म्हणजे, काहीच नाही. पण काहीच नाही म्हणजे अगदी काहीच नाही असं नसतं. एक पंखा फिरत होता, दर फेरीला टक्क करत. लांब कुकरची शिट्टी झाली. मग एका लहान मुलाचा आवाज आला, रडवेला: "आजी, माझी गाडी सोफ्याखाली गेली!" आणि बाई हळूच म्हणाल्या, "थांब राजा. ताईंचं गणित चाललंय. आपण दोघं मिळून काढू हं."

जितेंद्र टॅबजवळ वाकला. 

"काका, हा पंखा आमचा आहे."

"हो."

"तो... तो माझा लेक."

"हो रे."

तेवढ्यात बाईंचा आवाज आला, "झालं? आता बघ, दोन त्रिकोण समरूप का झाले." आणि जितेंद्र म्हणाला, "आई."

हो, गिरधर. सुनंदावहिनी. काल रात्री त्यांनीच मला निरोप दिला की आता लपवू नका, म्हणून लिहितोय. जुलैत मी तुझ्या घरी फोन केला होता. तुझ्यासाठीच केला होता. म्हणणार होतो, तुझे टॅब जिवंत आहेत, ये बघायला. फोन वहिनींनी उचलला. म्हणाल्या, "हे घरी नाहीत. आणि असते तरी फोनवर आले नसते." मग इकडचं विचारलं. मी मुलींचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "भूमिती कोण शिकवतं?" म्हटलं, कोणीच नाही. "मी शिकवते."

एवढंच. पुढे मी एक शब्द बोललो नाही. ज्या बाईनं जन्मभर तुमच्या शाळेत गणित शिकवलं, तिला निवृत्तीला शाल आणि नारळ देऊन तुम्ही घरी बसवलंत. ती बोलायला माणूस शोधत होती आणि माझ्याकडे ऐकणाऱ्या होत्या.

जितेंद्र तिथंच, मुलींच्या मागे, मोज्यांवर बसून राहिला. प्रमेय संपेपर्यंत. एका शिपायानं जिन्यातून विचारलं, "साहेब, भरायला घ्यायचं का?" तो म्हणाला, "तुम्ही चहा घ्या." रूहीनं त्याला पाटी दाखवली. म्हणाली, "भैया, बघा बरोबर आहे का." त्यानं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाला, "मला नाही येत. मी कॉमर्सवाला." मुली हसल्या. तोही हसला. रिकाम्या गोण्या घेऊन परत गेला.

आता तू वहिनींवर चिडशील. चीड. पण मला पत्रात लिही, त्यांना नको.

आणि इतकं लिहिलंच आहे तर हेही. मागच्या पत्रात मी मांडवाबद्दल लिहिलं की मला त्याचं काही नाही. होतं. सात वर्षांपूर्वी जितूच्या लग्नासाठी मी नवा सफारी शिवून ठेवला होता. पत्रिका आलीच नाही. तुझ्या संस्थेच्या मंडळातल्या लोकांना भंगारवाला नूर महंमद पहिल्या पंगतीत बघवला नसता, हे मला नंतर कळलं, आणि तू त्यांचं ऐकलंस हेही. सफारी आता बसत नाही. पोट सुटलं. पण तो विषय वेगळा आणि टॅबचा वेगळा. मी बदला घेतोय असं तुझ्या मनात आलं असेल तर काढून टाक. पत्रिका आली असती तरी टॅब दिले नसते.

नूर महंमद

•

मेहरूण
९ डिसेंबर

गिरधर,

वहिनींचा निरोप आला. "यांनी माझ्याशी बोलणं टाकलंय, पण जेवतात." म्हणजे फार काळजीचं नाही.

दुसरा निरोप तुझा, जितेंद्रमार्फत. टॅब न मिळाल्यास पोलिसांत तक्रार, उद्या. मी वाट बघतो. तक्रारीत लिहिताना जरा सांभाळ: टॅब चोरले असं लिहिशील तर काट्यावर कोणी चढवले ते विचारतील, आणि बंद होते असं लिहिशील तर चालू कसे झाले ते विचारतील. कुंकवाचं तर तुला लिहावंच लागेल. ठाणेदार चांगला माणूस असला तरी हसेल.

त्यापेक्षा मी काय ठरवलंय ते सांगतो. विचारत नाही, सांगतोय.

बारा तारखेला टॅब धुळ्यात येतील. मुलींसकट. सकाळच्या एसटीनं आम्ही निघतो. बायांना अर्धं तिकीट आहे. मला अजून पूर्ण पडतं, सरकारच्या लेखी मी तरुण आहे. पारोळ्याला चहा घेऊ आणि तुमच्या हॉलमध्ये येऊन बसू. चटया आमच्या आम्ही आणतो, चटयांना तोटा नाही. तुझ्या कंपनीच्या बाईंना टॅब बघायचे आहेत ना? बघू दे. पण ज्याच्या त्याच्या हातात. ओळीनं मांडलेले नाहीत. एकही टॅब टेबलावर ठेवणार नाही, मोजायला देणार नाही, आणि संध्याकाळी एकूण एक आमच्याबरोबर परत येईल.

मुलींना मी एकच गोष्ट सांगितली आहे. विचारलं ते खरं सांगायचं. तुम्ही कुठल्या शाळेच्या असं विचारलं तर कुठल्याच नाही म्हणायचं. आबेदा म्हणाली, "चाचा, इतकं खरं बोलायची गरज आहे का?" तरी स्वतःही येतेय. म्हणते, पोरीला एकटी कशी पाठवू.

फाटक बंद ठेवलंस तर आम्ही फाटकाबाहेर बसू. डिसेंबरचं ऊन आहे, चालेल. जळगावच्या माणसाला उन्हाची धमकी देऊ नये. त्या बाईंची गाडी फाटकातूनच येणार, आणि टॅबचा आवाज मी पूर्ण मोठा करून ठेवीन. त्या आवाजात तुझ्या घरचा पंखा आहे, तुझा नातू आहे, तुझी बायको आहे. त्यांना बाहेर ठेवायचं की आत घ्यायचं ते तू बघ.

नूर महंमद

•

मेहरूण
१३ डिसेंबर

गिरधर,

काल तू स्वतः तिथं होतास. तरी मी लिहून ठेवतो. आपण दोघं एका खोलीत असलो तरी ऐकतो वेगवेगळं.

पोलिसांत तक्रार तू केली नाहीस, पण फाटक बंदच होतं. वॉचमन म्हणाला, वरून हुकूम आहे. आम्ही चटया अंथरल्या. रूहीनं टॅब लावला. तितक्यात आतून कुलूप काढल्याचा आवाज आला. वाटलं तू. पण वहिनी होत्या. वॉचमनच्या हातातली किल्ली त्यांनी काढून घेतली होती. तो त्यांचा विद्यार्थी निघाला, काय करणार बिचारा. मुलींनी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. नुसत्या बघत राहिल्या. वहिनी म्हणाल्या, "समरूप त्रिकोण कोणाचे अडलेत?" आणि सगळ्या एकदम उभ्या राहिल्या. आवाज ओळखला त्यांनी. आबेदानं तर डोक्यावरून पदर ओढला, साहेब आल्यासारखा.

मग तू व्हरांड्यात आलास.  हॉलचं दार उघडं होतं, ते तू बंद केलं नाहीस. मी एवढ्यावर आत शिरलो. धंद्यात एवढं पुष्कळ असतं.

मग कंपनीच्या दीपमाला मॅडम आल्या. आम्हाला वाटलं होतं कोणी वयस्क बाई असतील; जितूपेक्षा लहान निघाल्या. त्यांनी टॅब मोजले नाहीत. खाली चटईवर बसल्या, रूहीच्या शेजारी, आणि तिचा टॅब कानाला लावला. तो नेमका वहिनींच्या गप्प बसण्याच्या जागी होता. मॅडम म्हणाल्या, "हे बंद आहे वाटतं." तुझ्या चेहऱ्याचा रंग मी पाहिला. रूही म्हणाली, "नाही मॅडम, मला विचार करायला वेळ दिलाय." मॅडमनी टॅब कानावरून काढला नाही. वेळ संपेपर्यंत ऐकत राहिल्या. मग रूहीनं उदाहरण सोडवलं, फळ्यावर, तुमच्या. एक पायरी चुकली. वहिनी जागेवरून उठल्या नाहीत. तिचं तिलाच सापडलं.

मग तो प्रश्न आला. "तू या शाळेत कितवीला?"

"मी या शाळेत नाही मॅडम. कुठल्याच नाही. मी जळगावची. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय."

"मग हा टॅब तुझ्याकडे कसा?"

रूहीनं माझ्याकडे बघितलं. मी वर तुमच्या हॉलच्या पंख्याकडे बघितलं. जितेंद्र घसा साफ करत होता. मी ठरवलं होतं की मी बोलणार नाही. बोललो असतो तर बाजारात उभं राहून भाव केल्यासारखं झालं असतं, आणि तुझी अब्रू बाजारात काढायला मी एसटीनं आलो नव्हतो. पण खोटं पांघरूण घालायलाही आलो नव्हतो. तू काहीच म्हणाला नसतास तर मी उठून सगळं सांगणार होतो, कपाटापासून.

तू म्हणालास, "आम्ही दिलेत. यांना शिकायला."

मॅडमनी लिहून घेतलं. मुलींची नावं लिहून घेतली, एकीनं स्पेलिंग सांगितलं. फोटो काढला, त्यात वहिनी मध्ये आहेत आणि तू कडेला, अर्धा. मॅडम म्हणाल्या, निकाल लागला की मी या मुलींना भेटायला जळगावला येईन. तुझी प्रयोगशाळा होईल असं त्यांच्या बोलण्यावरून वाटलं. होऊ दे. मला तिचं वाईट वाटणार नाही.

जाताना फाटकात तू म्हणालास, "नूरू, जेवून जा." नूरू म्हणालास. मी म्हटलं उशीर होतोय, पोरींना घरी पोचवायचंय. पोरींना उशीर होत नव्हता. एका जेवणावर सात वर्षं मिटवायची नाहीत मला. जेवायला बोलवायचं असेल तर तुझ्या मंडळातल्या लोकांच्या पंगतीत बोलाव. त्यांच्यासमोर. मी येईन, आहे त्या पोटानं, आहे त्या कपड्यात.

राहिले टॅब. ते दिलेत असं तू चार माणसांसमोर बोललास, आणि मॅडमच्या फोटोत ते मुलींच्या हातात आहेत. आता ते परत मागायचे तर आधी मॅडमकडे जाऊन सांग की मी खोटं बोललो. मला नाही वाटत तू जाशील. आणि खरं सांगू, ते वाक्य बोलताना तुझा आवाज कापला नाही. खोटं बोलणाऱ्याचा मी लांबून ओळखतो. तुझा काल तसा नव्हता. तुला ते खरं असायला हवं होतं. तर मग तसंच राहू दे.

आबेदानं येताना एसटीत मला सांगितलं की मार्चच्या पाळीचं ती आता कोणाशी बोलणार नाही. निकाल लागू दे, मग बघू. ती खिडकीकडे तोंड करून बोलली, पण बोलली.

उद्या रविवार. वहिनी त्रिकोणमिती सुरू करणार आहेत, दुपारी जेवणं झाल्यावर. मागच्या दोन धड्यांत मध्येच क्रिकेटची कॉमेंट्री येते आणि कोणीतरी जोरात "अरे, काय मारतो!" म्हणतं. मुलींना वाटलं तो गणिताचा भाग आहे. तेवढा वेळ टीव्ही बंद ठेव.

नूरू